गुडघ्याची दुर्बिणीतून सफाई
दुर्बिणीतून गुडघा साफ केला की झिजेचं दुखणं थांबतं, असं म्हटलं जातं. बरं वाटतं हे खरं, पण ते सफाईमुळेच का? ह्यूस्टनच्या डॉ. ब्रूस मोझली यांनी नेमकं हेच तपासलं. 180 रुग्ण, काहींची सफाई, काहींचा सांधा नुसता धुतला, उरलेल्यांच्या फक्त त्वचेला छेद देऊन टाके घातले. (तशी शक्यता सांगून आधी लेखी संमती घेतली होती, हे महत्त्वाचं.) दोन वर्षांनी वेदनेत तिन्ही गटांत फरकच नाही! 2002 साली हे प्रसिद्ध झालं.

सांधा अडकत असेल तर गोष्ट वेगळी. पण नुसत्या झिजेसाठी कुणी दुर्बीण सुचवली, तर आधी मांडीच्या स्नायूंचे व्यायाम नेटाने करून बघा, हे कळकळीने सांगते.