मदत हवी आहे: गुडघेदुखी, सहा वर्षांची लेक आणि ब्रिटिश समुद्रकिनाऱ्यावर एक आठवडा

बर्मिंगहॅमवासी
आई-बाबा (वय ६८ आणि ७३) पुण्याहून येत आहेत. ऑगस्टमध्ये त्यांना घेऊन एक आठवडा समुद्रावर जायचं आहे. आम्ही दोघं आणि मुलगी धरून पाच जण. रोज नवं ठिकाण गाठायची धावपळ नको. आई सपाट रस्त्यावर वीस-पंचवीस मिनिटं चालते, चढ आणि जिने नकोत. बाबा शाकाहारी. पाच माणसं आणि सामान एका गाडीत मावत नाही, म्हणून ट्रेन. फोटो बघून कॉर्नवॉलमधलं सेंट आयव्ह्ज जवळपास नक्की केलंय. योग्य आहे का? घर घ्यावं की हॉटेल? पाण्यात उतरता येतं का?

वाळूवाट
सेंट आयव्ह्ज सुंदर आहे यात वाद नाही, पण गाव उतारावर वसलंय. बंदराकडून वर जाणाऱ्या गल्ल्या अरुंद, दगडी आणि चढाच्या. भाड्याची घरं बहुतेक त्याच गल्ल्यांत. म्हणजे आईंना दिवसातून एकदा तरी चढ आलाच. शिवाय बर्मिंगहॅमहून पाच तासांहून जास्त प्रवास, शेवटी सेंट अर्थला गाडी बदलून. तिथेच जायचा हट्ट असेल तर स्टेशनच्या खालच्या पोर्थमिन्स्टर किनाऱ्याजवळ राहा.

तुमच्या अटींत उत्तर वेल्समधलं लॅन्डिडनो जास्त बसतं. प्रोमेनेड (समुद्रकाठचा फिरायचा रस्ता) लांब, रुंद आणि सपाट आहे, दर थोड्या अंतरावर बाक, स्टेशनपासूनचा रस्ताही सपाट. उंचावर जायचं तर ग्रेट ऑर्म या टेकडीवर जाणारी ट्राम आहे. ती १९०२ पासून केबलने ओढली जाते. अर्ध्या वाटेवर ट्राम बदलावी लागते, आईंना हे आधीच सांगून ठेवा. वर स्वेटर लागतोच, ऑगस्ट असला तरी. तिथे काश्मिरी शेळ्यांचा रानटी कळप दिसतो. २०२० च्या लॉकडाऊनमध्ये गावात उतरून लोकांच्या बागा खाणाऱ्या त्या याच.

एक गोष्ट मात्र फोटोत कळत नाही. प्रोमेनेडसमोरचा नॉर्थ शोअर गोट्यांचा आहे. वाळूचे किल्ले करायचे तर गावाच्या दुसऱ्या बाजूच्या वेस्ट शोअरला जावं लागतं. सूर्यास्तही तिकडूनच.

रूळमित्र
ट्रेनने साधारण तीन तास, बहुतेक वेळा क्रू किंवा चेस्टरला आणि मग लॅन्डिडनो जंक्शनला बदल. जंक्शनहून गावात दहा मिनिटं. जंक्शन हे वेगळं स्टेशन आहे. तिकीट ‘लॅन्डिडनो’पर्यंतचं काढा.

पाच जणांसाठी फॅमिली अँड फ्रेंड्स रेलकार्ड घ्या. एका कार्डावर चार मोठी आणि ५ ते १५ वयाची चार मुलं बसतात. मोठ्यांना एक तृतीयांश आणि मुलांना ६० टक्के सूट. आजी-आजोबाही त्यातच येतात, त्यांच्यासाठी वेगळं सीनिअर कार्ड काढू नका. मुख्य अट: सूट हवी त्या प्रवासात निदान एक मूल सोबत हवं. बाबा एकटे आधी परतले तर त्यांना सूट नाही. रविवारचा प्रवास टाळा, रुळांची कामं निघतात आणि बसमध्ये बसवतात. ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी बँक हॉलिडे (सार्वजनिक सुट्टी) असतो, आठवडा त्याच्या आधीच संपेल असा धरा.

फोडणीबाई
शाकाहारी माणूस आणि सात दिवस, म्हणजे स्वयंपाकघर असलेलं घर घ्या. ही घरं ऑगस्टमध्ये बहुतेक शनिवार ते शनिवार मिळतात. दुपारी चारच्या सुमारास ताबा, सकाळी दहाला सोडायचं. बुक करण्याआधी तीन गोष्टी लेखी विचारा. मुख्य दारापर्यंत किती पायऱ्या? (जुन्या व्हिक्टोरियन घरांत तळमजल्यालाही पाच-सहा असतात.) शॉवर बाथटबच्या वर आहे का? टबची कड ओलांडणं गुडघ्यांना जिन्याइतकंच जड. आणि शेगडी कुठली? इंडक्शन असेल तर अ‍ॅल्युमिनियमचा कुकर चालणार नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का ते घरीच बघा.

फोडणीचं सांगते. इथे बैठक आणि स्वयंपाकघर बऱ्याचदा एकच खोली असते. मोहरी आणि सुकी मिरची एकदम कडकडीत तेलात पडली की स्मोक अलार्म बोंबलतो. अलार्म काढू नका, त्यावर पिशवी बांधू नका. आधी एक्झॉस्ट फुल करा, खिडकी उघडा, तेल मध्यम आचेवर तापवा, मोहरी तडतडली की आच बंद करून मगच हिंग-मिरची आणि लगेच झाकण. मिरची उरलेल्या उष्णतेवर होते, धूर होत नाही.

बाहेर चिप्स घेताना दोन प्रश्न विचारा: तळण वनस्पती तेलात की बीफ ड्रिपिंगमध्ये (गोमांसाच्या चरबीत), आणि मासे त्याच कढईत तळतात का. दुसऱ्याचं उत्तर बहुतेक ‘हो’ येतं. बाबांना चालणार नसेल तर जॅकेट पोटॅटो (सालासकट भाजलेला बटाटा) मागवा. खाताना पाठ भिंतीला लावून बसा, सीगल मागून येऊन हातातलं उचलतो.

उधाणभांग
पाण्याबद्दल. इथल्या भरतीची तुलना जुहूशी करू नका. लॅन्डिडनोला उधाणाच्या दिवसांत भरती-ओहोटीतला फरक सातेक मीटर असतो. सहा तासांत पाणी सारख्या वेगाने चढत नाही: बारा भाग धरले तर पहिल्या तासात एक, दुसऱ्यात दोन, तिसऱ्या-चौथ्यात तीन-तीन, मग दोन, एक. म्हणजे मधल्या एका तासात पावणेदोन मीटर. वेस्ट शोअरला ओहोटीत वाळू फार लांबवर उघडी पडते, आणि परतताना पाणी पुढून नाही, मागच्या सखल भागांतून आधी भरतं. ओहोटीच्या वेळेनंतर लांब जाऊ नका. वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते.

भरतीचं छापील वेळापत्रक घेतलंत तर आधी तळटीप वाचा. काही ग्रीनिच वेळेत असतात, उन्हाळ्यात त्यात एक तास मिळवावा लागतो. निम्मे लोक इथेच चुकतात.

ऑगस्टमध्ये पाणी १५-१६ अंशांच्या आसपास. पोटापर्यंत हळूहळू जा, श्वास ताळ्यावर येईपर्यंत मिनिट-दीड मिनिट थांबा, मग पुढे. बाबांना रक्तदाब असेल तर घोट्यापर्यंतच. मुलीला वेटसूट आणि रबरी बूट.

सगळ्यात महत्त्वाचं: फुगवायची तराफी, फ्लेमिंगो वगैरे आणूच नका. नॉर्थ शोअर उत्तरेकडे तोंड करून आहे आणि इथला नेहमीचा वारा नैर्ऋत्येचा, म्हणजे जमिनीकडून समुद्राकडे. पाणी आरशासारखं शांत दिसतं आणि तराफा खोल समुद्राकडे निघतो. जीवरक्षक असेलच असं धरू नका. अडचण आली तर ९९९ लावून कोस्टगार्ड मागा.

बर्मिंगहॅमवासी
सेंट आयव्ह्ज रद्द! किनाऱ्यावर वारा अडवायला विंडब्रेक (खांबांवरचा कापडी आडोसा) घ्यावा का? आणि एक दिवस जवळचं कॉन्वी गाव करायचं म्हणतोय, किल्ला आईला झेपेल?

वाळूवाट
विंडब्रेक फक्त वेस्ट शोअरसाठी. गोट्यांत खांब उभेच राहत नाहीत. रबरी हातोडी सोबत घ्या. खांब निदान फूटभर खोल, वाऱ्याकडे किंचित झुकवून, आणि सरळ रेषेत न लावता कमानीत. सरळ लावला की शिडासारखा फुगून आडवा होतो.

कॉन्वीचा किल्ला १२८३ ते १२८७ मधला, पहिल्या एडवर्डने बांधलेला. मनोऱ्यांचे जिने चक्राकार आणि अरुंद आहेत, आईंनी त्या वाटेला जाऊ नये. त्यांना धक्क्यावर बसवा. तिथे ब्रिटनमधलं सर्वांत लहान घर आहे, लाल रंगाचं, जेमतेम १.८ मीटर रुंद. एक मोठा माणूस वर किल्ल्यात, बाकीचे खाली, असं वाटून घ्या.

धक्क्यावर मुलं दोरी सोडून खेकडे धरतात, मुलीचे दोन तास तिथेच जातील.

बर्मिंगहॅमवासी
त्याला काय काय लागतं? आमिष बेकनचं असतं म्हणे. बाबांसमोर फ्रिजमध्ये बेकन ठेवायची हिंमत नाही.

उधाणभांग
दोरी, छोटी जाळीदार पिशवी, बादली, लांब दांड्याची जाळी. गळ नको, खेकड्याला इजा होते. बेकनऐवजी मासेवाल्याकडून माशाचं डोकं मागून घ्या, आणि ते त्याच दिवशी घ्या म्हणजे फ्रिजचा प्रश्नच नाही. भरती चढत असताना जा. पिशवी तळाला टेकली की दोन-तीन मिनिटं हलवू नका, मग अगदी सावकाश ओढा. खेकडा पाण्याबाहेर आला की आमिष सोडून देतो, म्हणून पृष्ठभागाशी येताच खालून जाळी घाला. बादलीत समुद्राचंच पाणी, सावलीत, आणि एका वेळी आठ-दहापेक्षा जास्त नकोत, आपसांत नांग्या तोडतात. परत सोडताना वरून ओतू नका, पाण्याशी नेऊन बादली कलती करा.