दोन सर्व्हर, एकच पोस्टग्रेस (डेटाबेस): तुलना रास्त कशी करावी?

प्रश्न: जुना सर्व्हर ६४ जीबी रॅम, साटा एसएसडी, नवा २५६ जीबी, एनव्हीएमई (साटापेक्षा वेगवान एसएसडी). पीजीबेंच (पोस्टग्रेसचा वेग मोजायचं साधन) स्केल (चाचणीच्या डेटाचा आकार) १०० वर ६० सेकंद, फक्त वाचन. फरक जेमतेम. असं का?

उत्तर १: स्केल १०० म्हणजे जेमतेम दीड जीबी डेटा. तो दोन्हीकडे रॅममध्येच मावतो, डिस्कला हात लागतोच कुठे? स्केल १०,००० (सुमारे १५० जीबी) नव्यात मावेल, जुन्यात नाही. तिथे रॅमचा फरक दिसेल. निव्वळ डिस्क तपासायची तर ४०,००० घ्या, तो दोन्हीकडे मावणार नाही. शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेस स्वतःसाठी राखून ठेवतो ती रॅम) १२८ एमबीच्या डीफॉल्टवर सोडू नका. दोन्हीकडे रॅमचा पाव हिस्सा द्या. आकडा वेगळा, पण नियम एकच.

उत्तर २: लेखन मोजताना ६० सेकंद फारच कमी. चेकपॉइंट (रॅममधले बदल डिस्कवर उतरवणं) डीफॉल्टने ५ मिनिटांनी होतो, म्हणजे त्याचा धक्का मोजलाच जात नाही. निदान अर्धा तास, तीनदा चालवा, मधला आकडा धरा. क्लायंटची (एकाच वेळच्या जोडण्यांची) संख्या स्केलपेक्षा कमी ठेवा, नाहीतर ब्रँचेस या पीजीबेंचच्या छोट्या टेबलातल्या लॉकची (एकाच ओळीसाठी थांबण्याची) रांगच मोजाल. आणि पीजीबेंच तिसऱ्या मशीनवरून.

प्रश्नकर्ता: एनव्हीएमई साधी, डेस्कटॉपची आहे. चालेल?

उत्तर २: आधी पीजी_टेस्ट_एफसिंक चालवा (एफसिंक, म्हणजे डेटा खरोखर डिस्कवर पोचवणं, किती वेगाने होतं ते मोजणारं साधन). वीज गेल्यावर कॅश (डिस्कमधली तात्पुरती साठवण) वाचवणारे कपॅसिटर नसतील तर एफसिंक बहुधा मंदच निघेल. संशयास्पद वेगवान निघाला, तर डिस्क खोटं बोलतेय, लिहिलं नसताना लिहिलं म्हणतेय.