दुखणं गेलं नाही, तरी 'तो' होता असं वाटलं का?

'प्रार्थना केली आणि रिपोर्ट नॉर्मल आला' असे अनुभव आपण सगळ्यांनी ऐकलेत. ज्यांना आले त्यांच्याबद्दल आनंदच आहे, पण या धाग्यावर ते नकोत. मला दुसऱ्या बाजूचं ऐकायचंय. दुखणं गेलं नाही, माणूस वाचला नाही, वाट बघितलेला फोन आलाच नाही, आणि तरीही आपण अगदीच एकटे नाही असं कधी वाटलं का? वाटलं तर नेमकं कशामुळे? देव म्हणजे तुमचा जो कुणी असेल तो. विठ्ठल, येशू, अल्लाह, निराकार, काहीही. न मानणाऱ्यांनीही जरूर लिहा.

एकच विनंती. कुणाच्याही अनुभवाखाली 'प्रारब्ध', 'मागच्या जन्मीचं', 'देव आपल्या लाडक्यांचीच परीक्षा घेतो' असलं काही लिहू नका. ज्याचं दुखतंय त्याने ते आधीच पुष्कळदा ऐकलेलं असतं.

* * *

नवरा गेल्यावर सुरुवातीला घरात पाय ठेवायला जागा नव्हती. मग माणसं आपापल्या घरी गेली. ते बरोबरच आहे, त्यांनाही संसार आहेत. कठीण होती ती संध्याकाळ, हे कामावरून यायचे ती वेळ. त्या वेळी मी देवाशी भांडायचे. मनातल्या मनात नाही, चांगलं मोठ्याने. 'तुला काय कमी पडलं होतं रे' इथून सुरुवात व्हायची, पुढचं इथे लिहिण्यासारखं नाही. बहिणीला वाटायचं, हिची श्रद्धा उडाली. पण भिंतीशी कुणी रोज ठरल्या वेळी भांडतं का? ऐकणारा समोर आहे हे मी इतकं धरून चालले होते, की तो आहे की नाही हा प्रश्न त्या काळात मला पडलाच नाही. पडला तो नंतर, सगळं जरा निवल्यावर.

१६३०च्या दुष्काळात तुकोबांची पहिली बायको अन्नावाचून गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. विठोबाला ते काय काय बोललेत ते गाथेत बघा. माझ्या लेखी देव मेला, इथवर मजल गेली आहे. असले अभंग गायला फार कमी लोक घेतात. मला त्या दिवसांत तेच पुरले.

* * *

अतिदक्षता विभागात रात्रपाळी करते. तिथे दिवे पूर्ण बंद होत नाहीत, मॉनिटरचे आवाज अखंड चालू. काही दिवसांत पेशंटला दिवस-रात्र कळेनासे होतात, काही जण भ्रमात जातात. डिलिरियम म्हणतात त्याला. नातेवाइकांची भेटायची वेळ ठरलेली असते. त्यामुळे माणसाची सगळ्यात एकटी वेळ बरेचदा आमच्यासमोर जाते. पेशंट देवाबद्दल फारसं बोलत नाहीत. हात मागतात.

आमच्याकडे सफाईच्या एक मावशी होत्या. ज्याचं आता काही होण्यासारखं नाही असं कळलेलं असे, त्याच्या उशाशी त्या ड्यूटी संपल्यावर येऊन बसायच्या. नातं नाही, ओळख नाही. एकदा म्हटलं, मावशी, घरी जा ना आता. तर म्हणाल्या, "कुणीतरी असावं गं." तोपर्यंत मी देवाला सारखं विचारायचे, तू या खोलीत असतोस का? अजूनही विचारते. फक्त आता विचारताना नजर छताकडे जात नाही.

* * *

एका ओळीचा अनुभव आहे, चालेल ना? घटस्फोटाच्या काळात रोज रात्री जपमाळ हातात घेऊन झोपायचे, जप एकदाही पुरा झाला नाही, माळही कधी सोडवली नाही.

* * *

मला आमवात आहे, ऱ्हुमॅटॉइड. आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेट, अधूनमधून स्टेरॉइड. सकाळी बोटं वळायला तास-दीड तास जातो. हा आजार आटोक्यात ठेवता येतो, पुरता घालवता येत नाही, हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं. त्यांचे उपकारच मानते, कारण बाकी जो भेटेल तो मला बरं करायला निघाला होता.

त्या सकाळच्या तासात मी नाम घेते. त्याने दुखणं कमी होतं का? नाही. लक्ष दुसरीकडे जातं का? थोडं, पण ते मोबाइलनेही जातं. मला जे मिळतं ते वेगळं आहे, आणि ते सांगणं अवघड आहे, तरी प्रयत्न करते. दुखणं दुसऱ्याला दाखवता येत नाही. एक्स-रेमध्ये सांध्याची झीज दिसते, वेदना दिसत नाही. घरचे प्रेमळ आहेत, पण 'आज कसं आहे?' याचं रोज खरं उत्तर दिलं तर त्यांनी तरी काय करायचं? म्हणून मी 'बरं आहे' म्हणते. नाम घेताना ते म्हणावं लागत नाही. ज्याला सांगायचं त्याला ते आधीच ठाऊक आहे असं वाटतं. माझी जाणीव एवढीच, आणि तीही रोज होत नाही.

जनाबाईबरोबर विठ्ठल दळायला बसतो, ही गोष्ट लहानपणापासून ऐकलेली. गोड वाटायची, भाबडी वाटायची. स्वतःचे हात चालेनासे झाल्यावर पहिल्यांदा नीट लक्ष गेलं, की त्या गोष्टीत दळण काही संपत नाही. ती नामदेवांच्या घरची दासी. देव येऊन जातो तरी ती दासीच राहते, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे जातं आहेच. मनात आणलं असतं तर त्याला चुटकीसरशी पोतंभर पीठ करून देता आलं असतं. त्याने काय केलं, तर समोर बसून खुंट्याला हात घातला. सातशे वर्षं बायका ही गोष्ट एकमेकींना सांगत आल्या, त्या काही भाबड्या नव्हत्या. कष्ट सुटणार नाहीत हे त्यांना पक्कं माहीत होतं. मग देवाकडून निदान काय मिळावं, ते त्यांनी ठरवून ठेवलेलं दिसतं.

जाता जाता, भागवतात कुंती कृष्णाकडे संकटंच मागते, कारण संकटात त्याचं दर्शन होतं. थोर बाई. मला हे मागणं झेपत नाही. संकटं न मागताही व्यवस्थित येतात.

* * *

माझं लिहिणं इथे बेसूर वाटेल, पण असंही एक असू दे. आमची मुलगी गेली. देव दिसला नाही, जाणवला नाही, पुढे काही वर्षांनी मागे वळून बघतानाही सापडला नाही. लोक सांगत होते, देवाला ती आवडली, त्याने तिला जवळ बोलावलं. त्यांनी हे सांगून सांगून माझ्या डोक्यात देवाचं जे चित्र केलं ते मूल उचलून नेणाऱ्याचं. त्यापेक्षा कुणी नसलेलंच बरं, असं मी ठरवलं, आणि खरं सांगतो, त्याने मला झोप लागायला लागली. बायको देवाचं सगळं करते. मी तिला फुलं काढून देतो. ती काय मागते ते मी विचारत नाही, तीही सांगत नाही.

वरचा मावशींचा अनुभव वाचून घसा दाटून आला. पण मी त्याला देव म्हणणार नाही. मावशीच म्हणेन.

* * *

दादा, तुम्हाला पटवायला लिहीत नाही, तुमच्या बाजूने लिहितोय. बायबलमधला ईयोब. मुलं गेली, गुरंढोरं गेली, अंगभर फोड. त्याचे तीन मित्र येतात आणि सात दिवस, सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर बसून राहतात, चकार शब्द न काढता. तोवर सगळं ठीक चाललेलं असतं. मग ते तोंड उघडतात. तुझंच काहीतरी चुकलं असणार, देव उगीच कुणाला शिक्षा करत नाही, असं अध्यायच्या अध्याय चालू राहतं. ईयोब ऐकून घेत नाही, तो थेट देवालाच जाब विचारतो. शेवटी देव ईयोबालाही बरंच सुनावतो, पण त्याचा कोप होतो तो मित्रांवर. माझ्याविषयी माझा सेवक ईयोब जसं नीट बोलला तसं तुम्ही बोलला नाहीत, असं त्यांना ऐकवतो.

म्हणजे देवाची बाजू घेऊन बोलणारे नापास झाले. कुणाकडे भेटायला जाण्याआधी मी हे आठवतो, आणि शक्यतो त्या सात दिवसांपुरताच थांबतो.

* * *

मला डिप्रेशन होतं. त्या काळात प्रार्थना म्हणजे नुसते ओठ हलायचे. आजूबाजूचे गाताना रडायचे, मी कोरडी. वाटलं, देवाने आपल्याला टाकलं. डॉक्टरांनी विचारलं, तुमची आवडती गाणी तरी अजून आवडतात का? नाही म्हटलं. मग फक्त देवच जाणवावा ही अपेक्षा का, असं ते म्हणाले. कशातच काही न वाटणं हे या आजाराचं लक्षण आहे. गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागले. हे मुद्दाम लिहितेय, कारण 'श्रद्धा कमी पडतेय' या समजुतीने लोक डॉक्टरांकडे उशिरा जातात.

फादरांनीही उपदेश केला नाही. बायबलमधल्या स्तोत्रसंहितेतलं ८८वं स्तोत्र वाचायला सांगितलं. विलापाची बहुतेक स्तोत्रं शेवटी आशेकडे वळतात. हे वळत नाही, अंधारातच संपतं. तरीही ते कुणी वगळलं नाही, बाकीच्या स्तोत्रांसारखंच म्हटलं जातं. आणि मदर तेरेसांबद्दल सांगितलं. १९९७ मध्ये त्या गेल्या. २००७ मध्ये त्यांची खासगी पत्रं प्रसिद्ध झाली, तेव्हा लोकांना कळलं की जवळजवळ पन्नास वर्षं त्यांना आतून देवाची जाणीव जवळपास होतच नव्हती. त्यावर बरीच उलटसुलट चर्चा झाली. मला मात्र त्या पत्रांमुळे शेवटच्या बाकावर बसायची लाज वाटेनाशी झाली.

* * *

आमच्याकडे सूरह अद्-दुहा आहे. सूरह म्हणजे कुराणातला अध्याय. ही ९३वी, फक्त ११ आयतींची. परंपरा अशी सांगते की पैगंबरांवर वह्य, म्हणजे अल्लाहचा संदेश, उतरणं मध्येच काही काळ थांबलं, विरोधक टोमणे मारू लागले की याच्या रबने याला सोडलं. तेव्हा ही उतरली. तुझ्या रबने तुला सोडलेलं नाही, तो नाराजही नाही. तू अनाथ होतास, त्याने आसरा दिला ना?

अब्बा गेल्यावर अम्मी ही सूरह रोज पढायच्या. मी लहान होतो, अर्थ कळत नव्हता, फक्त आवाज ओळखीचा झाला होता. मोठेपणी अर्थ वाचला तर शेवटी हुकूमच आहेत. अनाथावर जोर करू नकोस, मागणाऱ्याला झिडकारू नकोस. सांत्वन होतंय न होतंय तोच माणसाला कामाला लावलंय. शेजारच्या पोरक्या मुलीचा अभ्यास अम्मी रोज का घ्यायच्या, ते मला तेव्हा समजलं.

* * *

वय ८१. टाइप करायला नातवाने शिकवलं, चुका पोटात घाला. पत्नी नाही, मुलं दूर. मी दिवसभर देवाशी मोठ्याने बोलतो. चष्मा कुठे ठेवला, आज पेपरात काय आलंय, गुडघा काय म्हणतोय. मुलाच्या हे कानावर गेलं तेव्हा तो म्हणाला, बाबा, एकदा डॉक्टरांना दाखवू या. दाखवलं. स्मरणशक्तीची चाचणी झाली, ठीक निघाली. डॉक्टरांनी विचारलं, समोरून आवाज येतात का? म्हटलं, आले असते तर इतकं बोलायची वेळ का आली असती! ते हसले. तो ऐकतो याचा माझ्याकडे पुरावा काहीच नाही. न ऐकणाऱ्याशी इतकी वर्षं बोलणं मात्र मला जमलं नसतं, एवढं मी स्वतःला ओळखतो.

मुलगी गेली ज्यांची, त्या गृहस्थांना सांगायचं आहे. तुम्ही इथे लिहिलंत ते फार बरं केलंत. कधी कुणाशी बोलावंसं वाटलं तर मला निरोप टाका, दुपारी मी मोकळाच असतो. देवाचा विषय मी काढणार नाही.