दुःख ओसरले आणि ध्येयाची ओढही ओसरली. याला बरे होणे म्हणावे की हार मानणे?

प्रश्न (दारव्हा तालुका, जि. यवतमाळ)

2015 साली, कपाशीची उलंगवाडी, म्हणजे हंगामाची शेवटची आवराआवर, होत असताना, माझ्या वडिलांनी आत्महत्या केली. कर्ज बिनपरवाना सावकाराचे असल्यामुळे आमचे प्रकरण ‘अपात्र’ ठरले आणि एक लाखाची शासकीय मदत मिळाली नाही. त्या चौकशीसाठी आई एका कार्यालयात गेली तेव्हा मी सोबत होते. तिने चपला दाराबाहेर काढल्या, खताच्या दुकानाच्या पिशवीत घडी करून ठेवलेले कागद दोन्ही हातांनी पुढे धरले आणि समोरच्या साहेबांनी मान वर न करता तिला तासभर उभे ठेवले. त्या दिवशी मी मनाशी ठरवले की अशाच एका खुर्चीवर आपण बसायचे.

त्यानंतरची सात वर्षे स्पर्धा परीक्षेत गेली. अमरावतीच्या खोलीत भिंतीवर लाल शाईने ‘उपजिल्हाधिकारी’ असे लिहिलेला कागद होता. पूर्वपरीक्षा तीनदा उत्तीर्ण झाले, मुख्य परीक्षेत मात्र प्रत्येक वेळी मागे पडले. 2022 मध्ये झोप गेली, जेवण तुटले, आणि शेवटी मानसोपचार घ्यावा लागला. औषधे आणि समुपदेशन यांमुळे गेले वर्षभर मी खरोखर बरी आहे. वडिलांची आठवण येते, पण आता छातीत दगड ठेवल्यासारखे वाटत नाही.

अडचण अशी की त्या दगडाबरोबर ती जिद्दही गेली. पुस्तक उघडते, समजते, पण आतून काही पेटत नाही. उलट गावातील बायका वारस नोंदीचे, निराधार योजनेचे कागद घेऊन घरी येतात तेव्हा दिवस कसा जातो ते कळत नाही. मी वडिलांशी बेइमानी करते आहे का? की हे ध्येय मुळात माझे नव्हतेच?

उत्तर 1 (समुपदेशक, वर्धा जिल्हा)

ताई, प्रथम एक गोष्ट तपासून घ्या, कारण आजार परत येत असला तरी सुरुवात अशीच दिसू शकते. दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ सगळ्याच गोष्टींतला रस गेला असेल, झोप आणि भूक बिघडली असेल, स्वतःला निरुपयोगी समजण्याचे विचार वारंवार येत असतील, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि औषधे स्वतःच्या मनाने कमी करू नका. रात्री-अपरात्री बोलावेसे वाटले तर टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा 14416 हा क्रमांक चोवीस तास सुरू असतो. तुमच्या लिहिण्यावरून मात्र एकाच गोष्टीची ओढ कमी झालेली दिसते आणि दुसऱ्या कामात मन रमते आहे. या दोन अवस्थांत मोठा फरक आहे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांनी प्रेरणेवर दीर्घकाळ काम केले. लाज, अपराधभाव किंवा स्वतःची किंमत सिद्ध करण्याची निकड यांतून येणारी प्रेरणा माणसाला पुष्कळ पळवते, पण ती त्याला स्वतःची वाटत नाही, असे त्यांच्या मांडणीत आहे. तुमच्या अभ्यासामागे आईचा अपमान होता. त्याची धग कमी झाल्यावर अभ्यासाचा वेग मंदावला, तर त्यात तुमचा दोष मला दिसत नाही. निर्णयाची घाई करू नका. दोन-तीन महिने ध्येयाचे नाव बाजूला ठेवा आणि कोणत्या कामानंतर मन शांत राहते, एवढेच रोज दोन ओळींत लिहा.

उत्तर 2 (महसूल विभागात नायब तहसीलदार)

मीही अशाच एका घावातून इथवर आलो, म्हणून लिहितो. ज्यांना दाखवून द्यायचे होते ते गृहस्थ मी रुजू होण्याआधीच निवृत्त झाले होते, आणि पहिले सहा महिने मला त्या खुर्चीवर विलक्षण रिकामे वाटले. कामाची गोडी पुढे लागली, एका विधवा बाईंची अकरा वर्षे अडलेली वारस नोंद मार्गी लागली तेव्हा. म्हणून सांगतो, दगड गेला म्हणून खुर्चीही नकोच, असे लगेच ठरवू नका. खुर्चीवरून जे एका सहीने होते, त्यासाठी बाहेरच्या माणसाला दहा खेपा घालाव्या लागतात.

व्यवहाराचेही बोलतो. तुमचे वय तिशीच्या आसपास असावे; खुल्या प्रवर्गाची मर्यादा 38 आहे, म्हणजे दार बंद झालेले नाही. पण राज्यसेवेची मुख्य परीक्षा 2025 पासून वर्णनात्मक झाल्यामुळे जुनी तयारी बरीचशी नव्याने करावी लागेल. ती दोन वर्षे रागाच्या आधाराशिवाय, केवळ कामाच्या आवडीने काढता येतील का, हे फक्त तुम्हीच सांगू शकता.

उत्तर 3 (शेतकरी, आर्णी तालुका)

भावाशी हिस्सेवाटणीत धुऱ्यावरून भांडण झाले, तेव्हा त्याच्या वाट्याचे वावर एक दिवस विकत घ्यायचे, असे मी ठरवले होते. अकरा वर्षे पैसा पैसा जोडला. आईच्या आजारपणात आम्ही दोघे पुन्हा एका ताटात जेवलो आणि मग त्या जोडलेल्या पैशाकडे पाहून मला कळेना की आता याचे करायचे काय.

आपल्याकडे फरदड घेतात. वेचणी आटोपल्यावर डिसेंबरनंतरही पाणी-खत देऊन तीच पऱ्हाटी (कपाशीची झाडे) उभी ठेवायची, चार बोंडे अजून मिळतील या आशेने. मीही घेतली. बोंडे थोडी मिळाली, पण गुलाबी बोंडअळीला त्याच झाडांवर आसरा मिळाला आणि पुढच्या हंगामात तिने नवे पीक खाल्ले. 2017 चे नुकसान ज्यांनी पाहिले त्यांना हे अधिक सांगायला नको. माझी ती जिद्द फरदडीसारखी झाली होती. मी पऱ्हाटी उपटली आणि त्या पैशातून बोअर घेतली. आज तिचे पाणी भावाच्या वावरातही जाते. तुमचे पीक अजून हंगामात आहे की फरदड झाले आहे, हे तुमच्या वावरात उभे राहून तुम्हालाच पाहावे लागेल.

प्रश्नकर्ती

सर्वांचे मनापासून आभार. उत्तरे वाचल्यावर काल रात्री मी आईला पहिल्यांदाच विचारले की त्या दिवशी तिला काय हवे होते. मला वाटले होते ती म्हणेल, तू साहेब व्हावीस. ती म्हणाली, “मले त फक्त बसाले पायजे होतं, बाई. पाय लय दुखत होते.”

भिंतीवरचा कागद मी बॅगेतून काढून पाहिला, पुन्हा लावलेला नाही आणि फाडलेलाही नाही. परीक्षेचा निर्णय दिवाळीनंतर घेईन. तोवर पडवीत एक बाक ठेवला आहे आणि मंगळवार व शुक्रवार या दोन दिवशी बायकांना यायला सांगितले आहे.

उत्तर 2 लिहिणाऱ्या सरांना एक विनंती. एका बाईंच्या सासऱ्यांच्या मृत्यूची नोंद गाव नमुना 6-क मध्ये, म्हणजे तलाठ्याच्या वारस नोंदवहीत, झाली आहे, पण जमीन वारसांच्या नावे करणारा फेरफार पुढे सरकलेला नाही, आणि दोन नणंदा नागपूरला असतात. त्यांचे जबाब इथे येऊनच द्यावे लागतात की दुसरी काही सोय आहे, ते कृपया कळवावे. बाई शुक्रवारी येणार आहेत.