'फ्लायबॅक'ला मराठीत काय म्हणावं?

आर्वीकर
वडिलांचं जुन्या, पिक्चर ट्यूबच्या टीव्ही दुरुस्तीचं दुकान होतं. त्यांची वही मराठीत नीट उतरवून काढतोय. 'स्कॅनिंग'ला (रेघेमागून रेघ काढत पडदा भरणं) जुन्या लिखाणात 'क्रमवीक्षण' सापडलं, 'इंटरलेस्ड'ला 'अंतर्ग्रथित'. 'फील्ड'चं 'क्षेत्र' केलेलं आहे, तिथं तर अर्थच हरवतो. अडलोय 'फ्लायबॅक'वर, म्हणजे एक रेघ काढून झाली की झोत पुढच्या रेघेसाठी माघारी येतो त्यावर. पडद्यावरच्या रेघेला नांगराच्या रेघेसारखं 'तास' म्हणावं आणि तासाच्या टोकावरून माघारी येण्याला 'वळण', असं सुचतंय. चालेल?

दर्यापूरकर
रेघेला तास म्हणा, हरकत नाही. वळण चालणार नाही. बैल धुऱ्यापाशी वळतात आणि येताना शेजारच्या तासाला लागतात. टीव्हीतला इलेक्ट्रॉनांचा झोत तसं करत नाही. प्रत्येक रेघ डावीकडून उजवीकडेच, आणि मग काहीही न काढता झपकन डाव्या कडेला. आपल्याकडच्या जुन्या टीव्हीच्या पाल पद्धतीत एका रेघेला ६४ मायक्रोसेकंद. त्यातले ५२ चित्राचे, उरलेले १२ या माघारीसाठी राखलेले. माघारी येताना झोत दिसू नये म्हणून सिग्नल काळ्या पातळीवर नेतात, ते ब्लँकिंग. त्याच १२ मध्ये ४.७ मायक्रोसेकंदांचा सिंक पल्स असतो, काळ्याच्याही खालचा, म्हणजे पडद्यावर न दिसता सेटला 'आता फिर' सांगणारा. म्हणून मी 'रिकामी माघार' म्हणेन. ('परतावा' नको. लोकांना विमा आठवेल.)

यवतमाळचा मेकॅनिक
या माघारीवर चालणाऱ्या ट्रान्सफॉर्मरलाही 'फ्लायबॅक'च म्हणतात, पण दुकानात तसं कोणी म्हणत नव्हतं बावा. 'एलओटी' म्हणायचो, लाइन आउटपुट ट्रान्सफॉर्मर. आणि 'रिकामी' काहून म्हणता? झोत माघारी फिरतो तेव्हाच त्याला फिरवणाऱ्या कॉइलमधला करंट झटक्यानं उलटतो, त्या झटक्यावरच एलओटी पिक्चर ट्यूबचं व्होल्टेज तयार करते. कलर सेटला २० ते २५ हजार व्होल्ट. एलओटी गेली की पडदा काळा. आवाज कधी कधी चालूच राहतो, म्हणून गिऱ्हाईक म्हणे, 'टीव्ही चालू हाय, फक्त दिसत नाही.'

गिऱ्हाइकाची भाषा ऐकली की अर्धा फॉल्ट तिथंच कळे. 'मुंग्या येऊन रायल्या' (पडदाभर वळवळते ठिपके) म्हटलं की अँटेना नाहीतर बूस्टर पाहा. 'चित्र वर पळून रायलं' म्हणजे व्हर्टिकल होल्ड, चित्र वर-खाली सरकू न देणारं बटण. 'मधात एकच आडवी रेघ' म्हणजे व्हर्टिकल सेक्शन गेला: झोत आडवा धावतोय, पण त्याला खाली सरकवणारं कोणी नाही. अशा वेळी ब्राइटनेस लगेच कमी करायचा, नाहीतर ट्यूबवर कायमचा डाग पडतो. वहीत हे शब्द असतील तर जसेच्या तसे ठेवा.

आर्वीकर
आहेत. 'मुंग्या' तर पानोपानी. मग 'रिकामी' काढतो, नुसतं 'माघार' ठेवतो आणि कंसात एलओटीचं काम. 'फील्ड'चं काय?

दर्यापूरकर
'अर्धचित्र'. जर्मन लोक फील्डला हाल्बबिल्ड म्हणतात, त्याचा अर्थ हाच. अख्ख्या चित्राच्या ६२५ रेघा, पण झोत आधी एकाआड एक काढतो आणि दुसऱ्या फेरीत मधल्या भरतो. सेकंदाला ५० अर्धचित्रं, म्हणजे २५ पूर्ण. सेकंदाला २५ वेळाच पडदा उजळला तर डोळ्याला लुकलुक जाणवते. ५० वेळा केला तर ती बरीच कमी होते, आणि सिग्नलला जागाही दुप्पट लागत नाही. एकूण रेघांचा आकडा विषम ठेवण्यातही हिशेब आहे. अर्धचित्राच्या वाट्याला साडेतीनशेबारा, म्हणजे ३१२.५ रेघा येतात. त्या अर्ध्या रेघेमुळेच पुढची फेरी आपोआप मधल्या जागेत पडते. अमेरिकेचा ५२५ हा आकडाही विषमच.

यवतमाळचा मेकॅनिक
'तीनशे साडेबारा' म्हणा. साडेतीनशे म्हणजे ३५० होते.

आर्वीकर
शेवटचा एक. 'घोस्ट'समोर वडिलांनी 'भूत' लिहून खोडलंय आणि 'सावली' केलंय.

यवतमाळचा मेकॅनिक
'सावली'च बरोबर. सगळे तेच म्हणत. जिनिंगच्या टिनाच्या शेडवरून सिग्नल आपटून येई, तो उशिरा पोचे, म्हणून दुसरं फिक्कं चित्र नेहमी उजवीकडे. ३०० मीटर जास्त फिरून आला तर १ मायक्रोसेकंद उशीर. २० इंची सेटवर सावली पाऊण सेंटिमीटर सरकलेली दिसे. अँटेना थोडी फिरवली की बहुतेकदा कमी होई. वडिलांनी सावलीपुढं अंतर लिहिलंय का कुठं? असेल तर तेही टाका.