साम्राज्यवादविरोधी एकजूट आणि राष्ट्रवाद: कम्युनिस्ट भूमिकेत विसंगती आहे का?

प्रश्न

कामगारांना देश नसतो, असे मार्क्स आणि एंगल्स यांनी १८४८च्या कम्युनिस्ट जाहीरनाम्यात लिहिले. प्रत्यक्षात मात्र विसाव्या शतकात चीन आणि व्हिएतनाम येथे कम्युनिस्ट सत्तेवर आले ते राष्ट्रीय मुक्तीचा लढा लढूनच. ही तत्त्वाशी केलेली तडजोड होती, की तत्त्वातच त्याला जागा होती? दुसरी शंका मला अधिक छळते. साम्राज्यवादाला विरोध करणाऱ्या प्रत्येक सत्तेच्या पाठीशी उभे राहायचे का? १९७९च्या क्रांतीनंतर इराणच्या तुदेह या कम्युनिस्ट पक्षाने नव्या इस्लामी राजवटीला, ती अमेरिकाविरोधी आहे म्हणून, पाठिंबा दिला. १९८३मध्ये त्याच राजवटीने पक्षावर बंदी घातली आणि त्याच्या नेत्यांना तुरुंगात टाकले. एकजुटीचा अर्थ हाच असेल, तर ती करावी कशासाठी?

प्रतिसाद १

जाहीरनाम्यातले ते वाक्य बहुधा अर्धेच उद्धृत केले जाते. कामगारवर्गाने आधी राजकीय सत्ता मिळवून स्वतःच राष्ट्र म्हणून उभे राहायचे आहे आणि त्या मर्यादेत तो राष्ट्रीयच आहे, मात्र भांडवलदारांच्या अर्थाने नव्हे, असे तिथेच पुढे म्हटले आहे.

पण खरे उत्तर तेव्हा इंग्लंडच्या सत्तेखाली असलेल्या आयर्लंडच्या प्रश्नात सापडते. इंग्लंडमधील कामगार सत्तेवर आले की आयर्लंड आपोआप मुक्त होईल, असे मार्क्सला बराच काळ वाटत होते. १८६९-७०च्या सुमारास त्याने हे मत उलटे केले. इंग्रज कामगार आयरिश कामगाराकडे आपली मजुरी पाडणारा प्रतिस्पर्धी म्हणून पाहतो, आपण राज्यकर्त्या राष्ट्राचे घटक आहोत या भावनेने सुखावतो आणि त्यामुळे आपल्याच मालकांच्या हातातले हत्यार बनतो, असे त्याचे निरीक्षण होते. म्हणून आयर्लंडची मुक्ती ही इंग्रज कामगाराच्या स्वतःच्या मुक्तीची पूर्वअट ठरली. आयरिश माणसांवर उपकार करण्याचा प्रश्नच त्यात नव्हता.

याच्या शेजारी १९१४ ठेवून पाहावे. ४ ऑगस्टला जर्मन सोशल डेमोक्रॅटिक पक्षाने संसदेत युद्धकर्जाच्या बाजूने मतदान केले. डिसेंबरमधल्या दुसऱ्या मतदानात त्याच पक्षाचा कार्ल लिब्क्नेख्त एकटा विरोधात उभा राहिला. दोन्हीकडे शब्द ‘राष्ट्र’ हाच होता, परंतु एक राष्ट्र वसाहती राखणारे होते आणि दुसरे स्वतःच वसाहत होते. हा फरक न पाहता राष्ट्रवादाला सरसकट चांगले वा वाईट ठरवणे मला निष्फळ वाटते.

प्रतिसाद २

वरील मांडणी मान्य आहे, पण ती अपुरी आहे. पीडित राष्ट्राच्या पोटातही जमीनदार असतो, गिरणीमालक असतो आणि त्यांच्याकडे राबणारेही असतात. मार्क्सवादी विचारवंत रोझा लक्झेम्बुर्गचा राष्ट्रीय स्वयंनिर्णयाच्या घोषणेवरचा मुख्य आक्षेप हाच होता, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही.

या आक्षेपाला व्यवहारात कसे तोंड द्यायचे, याची सर्वांत नेमकी चर्चा १९२०मध्ये तिसऱ्या इंटरनॅशनलच्या, म्हणजे जगभरच्या कम्युनिस्ट पक्षांच्या संघटनेच्या, दुसऱ्या अधिवेशनात झाली. वसाहतींच्या प्रश्नावरील लेनिनच्या प्रबंधासोबत मानवेंद्रनाथ रॉय यांचा पूरक प्रबंधही तिथे स्वीकारला गेला. वसाहतींमधील भांडवलदारवर्ग अनेकदा परकीय सत्तेशी संगनमत करतो, हे लक्षात घेऊन मूळ मसुद्यातील ‘भांडवली-लोकशाहीवादी’ चळवळ हा शब्दप्रयोग बदलून ‘राष्ट्रीय-क्रांतिकारी’ असा केला गेला. पाठिंब्याला अटही जोडली गेली: शेतकऱ्यांना आणि शोषितांना संघटित करण्याच्या आमच्या कामात जे आडकाठी आणणार नाहीत, त्यांनाच पाठिंबा, आणि कामगारांची चळवळ कितीही बाल्यावस्थेत असली, तरी तिचे स्वतंत्र अस्तित्व सोडायचे नाही.

तुदेहच्या बाबतीत तपासायची कसोटी हीच आहे. नवी राजवट अमेरिकेविरुद्ध काय बोलते यापेक्षा ती कामगार संघटनांशी आणि इतर डाव्यांशी कशी वागते, हे निर्णायक मानायला हवे होते.

प्रश्नकर्ता

आभारी आहे. मग माझी अडचण उलट्या बाजूने उरते. स्वतंत्र राहण्याच्या आग्रहापायी आपण मुख्य लढ्याच्या बाहेर फेकले जाण्याचा धोका नाही का?

प्रतिसाद ३

धोका आहेच, आणि म्हणूनच चीनचे दोन अनुभव एकत्र वाचले पाहिजेत.

१९२०च्या दशकातील पहिल्या संयुक्त आघाडीत कम्युनिस्ट व्यक्तिशः कुओमिंतांग या राष्ट्रवादी पक्षाचे सदस्य झाले. मार्च १९२७मध्ये शांघायच्या कामगारांनी सशस्त्र उठाव करून, परकीयांच्या वसाहती वगळता, शहर ताब्यात घेतले आणि कुओमिंतांगचा सेनापती चँग कै शेक याच्या सैन्याचे स्वागत केले. १२ एप्रिलला त्याच चँगने त्यांची कत्तल सुरू केली. आघाडी टिकवण्याच्या नादात कामगारांना या आघातासाठी सज्जच केले गेले नव्हते, आणि त्याची किंमत त्यांनी प्राणांनी मोजली.

१९३७मध्ये जपानी आक्रमणाविरुद्ध पुन्हा त्याच चँगशी आघाडी झाली. या वेळी कम्युनिस्टांचे लाल सैन्य नावापुरते राष्ट्रीय सैन्याची आठवी मार्ग सेना झाले, पण त्याचे सेनापती स्वतःचे होते आणि प्रदेशही स्वतःचा होता. एकजुटीसाठी कम्युनिस्टांनी खरी सवलत दिली: जमीनदारांच्या जमिनी जप्त करणे थांबवले. त्याऐवजी त्यांच्या ताब्यातील मुलखात खंड एक चतुर्थांशाने कमी करण्याचे आणि सावकारी व्याजाला आळा घालण्याचे धोरण आले. जपानशी लढायला तयार असलेल्या जमीनदाराला ते सहन करण्याजोगे होते, आणि कुळाला मात्र पीक घरात येताच त्याचा अनुभव येत होता. देशाच्या लढ्यात आपल्या पोटाचा प्रश्नही आहे, हे त्या कुळाला पटवायला मग वेगळ्या भाषणाची गरज उरली नाही.

सवलत कधी मागे घ्यायची, हा पुढचा अवघड प्रश्न. व्हिएतनाममध्ये स्वातंत्र्यासाठी लढणारी, कम्युनिस्टांच्या नेतृत्वाखालील व्हिएत मिन्ह आघाडी १९४१मध्ये स्थापन झाली, परंतु जमीन सुधारणेचा कायदा डिसेंबर १९५३मध्ये, म्हणजे फ्रेंचांविरुद्धच्या दिएन बिएन फूच्या निर्णायक लढाईच्या तोंडावर झाला. तो राबवताना इतके अन्याय झाले की १९५६मध्ये पक्षाला ते जाहीरपणे मान्य करावे लागले आणि सरचिटणीस त्रुओंग चिन्ह यांना पद सोडावे लागले. आघाडीत जमीनदारांना किती सांभाळायचे, याचा हिशेब दोन्ही बाजूंनी चुकू शकतो. माझ्या मते तो हिशेब केवळ पक्षाच्या मध्यवर्ती समितीने न करता गावातल्या कुळांच्या आणि शेतमजुरांच्या संघटनांपुढे खुलेपणाने मांडला गेला पाहिजे. कारण सवलतीचा भार शेवटी तेच उचलत असतात.