बाप्तिस्म्यानंतर त्या गावात कोण थांबते?

पंचगंगाकाठ:
'या पिढीतच साऱ्या जगाला सुवार्ता' हा घोष अमेरिकेतील महाविद्यालयांत नेणाऱ्यांपैकी एक रॉबर्ट वाइल्डर 1863 मध्ये आपल्या कोल्हापुरात जन्मले. त्यांचे वडील, मिशनरी रॉयल वाइल्डर, 1852 मध्ये येथे आले होते. 1886 च्या अमेरिकेतील माउंट हर्मन शिबिरात शंभर विद्यार्थी परदेशी सेवेस तयार झाले, त्यात रॉबर्ट यांचा मोठा वाटा होता. त्या तळमळीविषयी मला आदर आहे. तरीही सुवार्ता सांगून लगेच पुढे निघून जाण्याच्या पद्धतीवर आक्षेप मांडतो. काही वर्षांपूर्वी बाहेरची एक संस्था आमच्या भागात आली, तीन दिवस सभा झाल्या, विश्वास स्वीकारण्यासाठी किती हात वर झाले याचा अहवाल गेला आणि मंडप उतरला. पुढच्या पावसाळ्यात त्यांपैकी एका घरात मयत झाली, तेव्हा प्रार्थना कोणी करायची आणि दफन कोठे करायचे हे सांगणारा एकही माणूस तेथे नव्हता. मत्तय 28 मधील येशूच्या आज्ञेत 'जा' आहे, तसेच 'शिकवा' हेही आहे.

गडहिंग्लजकर:
आपला अनुभव खरा असेल, पण निष्कर्ष मला मान्य नाही. थेस्सलनीका नगरात प्रेषित पौलाने तीन शब्बाथ वादविवाद केला, एवढेच नव्या करारातील 'प्रेषितांची कृत्ये' हे पुस्तक सांगते, आणि तेथे मंडळी (विश्वासणाऱ्यांचा स्थानिक समुदाय) उभी राहिली. सर्व सिद्धता होईपर्यंत थांबायचे ठरवले असते, तर पौल अंत्युखियातून निघालाच नसता. शिवाय 'आधी मंडळी मजबूत करू' म्हणणाऱ्यांच्या वार्षिक सभेत आवाराची भिंत आणि घटनेतील दुरुस्ती यांपलीकडे चर्चा जाताना मी तरी पाहिलेली नाही. मी ऊस पिकवतो. तोड लांबली की वजन घटते, आणि त्या वेळी कारखान्याशी वाद घालून काही उपयोग नसतो.

पंचगंगाकाठ:
उसाचेच उदाहरण घेऊ. तोड वेळेवर हवी, पण ती जमिनीलगत आणि नीट झाली नाही, तर खोडवा (बुडख्यातून येणारे पुढचे पीक) फुटत नाही, हे आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता. थेस्सलनीकाचा पुढचा भागही वाचावा: पौलाने तेथील विश्वासणाऱ्यांना स्थिर करण्यासाठी आपला सहकारी तीमथ्य याला पाठवले आणि पत्रे लिहिली. क्रेत बेटावर नगरोनगरी वडील (मंडळीची देखरेख करणारे) नेमण्यासाठी दुसरा सहकारी तीत याला मागे ठेवले. इफिसात तर तो स्वतः तीन वर्षे राहिला. हेन्री व्हेन आणि रूफस अँडरसन या मिशन संस्थांच्या चिटणिसांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यातच मंडळी स्वावलंबी, स्वयंशासित आणि स्वतः सुवार्ता सांगणारी असावी, अशी त्रिसूत्री मांडली होती. आपण तिसऱ्या सूत्राविषयी भरभरून बोलतो. पहिल्या दोन सूत्रांचा विषय निघाला की दशमांशाच्या (उत्पन्नाच्या दहाव्या भागाच्या दानाच्या) पाकिटाकडे पाहून गप्प बसतो. (यात मीही आलो.)

गडहिंग्लजकर:
भिंतीविषयीचे माझे वाक्य जरा कडक झाले, ते मागे घेतो. खोडव्याचा मुद्दाही मान्य. मात्र पगारी पाळक मिळेपर्यंत नव्या गावात जाऊ नये, असा त्याचा अर्थ मी होऊ देणार नाही. आमच्या एका वाडीत पाळक महिन्यातून एकाच रविवारी पोहोचतात. उरलेल्या रविवारी शिवणकाम करून घर चालवणारी एक बाई पवित्र शास्त्र वाचते, आजाऱ्यांकडे जाते, आणि मुलांची शब्बाथ शाळाही तीच घेते. मंडळी उभारायची असेल, तर तिला वडीलपद देण्यास आपली समिती तयार आहे का, हे आधी कळू द्या.